वाळत घालायची दोरी

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी नव्हती, आणि त्यावरून माझी घरात सतत कटकट चाले. पलंगाखाली दोर, कपाटावर दोर, पाहुण्यांच्या खोलीत पाहुण्यांऐवजी दोर. पण माझ्या ओल्या चादरी मात्र खुर्च्यांच्या पाठीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. येईल-जाईल त्याला मी हे गाऱ्हाणं ऐकवायची. नणंदेला तर इतक्यांदा ऐकवलं होतं की ती फोनवर आधीच विचारायची, दोरी आली का गं?

नवरा उंच इमारतींच्या काचा पुसायचा, बाहेरून, दोरावर लटकून. सुट्टीत डोंगरावर लटकायचा. कामात आणि सुट्टीत फरक एवढाच की कामाचा पगार मिळे. लग्नाआधीपासून मला हे ठाऊक होतं, त्यामुळे तक्रारीला तोंड नव्हतं. तरी मी करायची ती गोष्ट वेगळी. चढायला त्याला शिकवलं सासऱ्यांनी. बाप-लेक कित्येक वर्षं एकाच दोराच्या दोन टोकांना होते. मग बाबांचे गुडघे गेले, आणि नवऱ्याने दुसरा जोडीदार शोधलाच नाही. तो एकटा चढायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, दुसरं कोणी बरोबर असलं की सारखं वाटतं, हा बाबांसारखा का करत नाही. हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

पुढचं कळायला दोराबद्दल थोडं सांगावं लागेल. डोंगरातल्या दोराच्या बरोबर मध्यावर काळ्या शाईचा पट्टा असतो. उतरताना खडकात ठोकलेल्या कडीतून दोर त्या पट्ट्यापर्यंत ओवायचा, दोन्ही टोकं खाली सोडायची आणि दोन्ही पदरांवरून मिळून उतरायचं. खाली पोचलं की एक पदर ओढून दोर काढून घ्यायचा. दोराचं टोक झिजलं की ते कापतात. एका बाजूचं कापलं की मध्य सरकतो, आणि जुना पट्टा त्या दिवसापासून खोटं बोलायला लागतो. म्हणून आमच्या घरात बाबांचा एक नियम होता: ज्याने दोर कापला, त्याने नवी खूण केल्याशिवाय बसल्या जागेवरून उठायचं नाही. चहा उकळून गेला तरी चालेल, दारावर कोणी आलं तरी चालेल. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. तिथेही काच घासण्याआधी मध्यावर शाईचा ठिपका देतात, आणि ठिपका चुकला तर माणसाचं डोकं दुखतं. बाबांना याचं भारी कौतुक. म्हणायचे, आपला धंदा एकच आहे.

पण गेल्या वर्षापासून बाबांच्या डोक्याची चाळणी झाली होती. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. जेवून उठले की विचारायचे, आज जेवायला उशीर का. आम्ही हसायचो, तेही हसायचे. नवरा मात्र मानायला तयार नव्हता. दर मोहिमेआधी तो आपला दोर बाबांच्या पुढ्यात नेऊन ठेवायचा. बाबा खिडकीपाशी बसून सगळा दोर बोटांतून सरकवत तपासायचे. झिजलेली जागा त्यांच्या बोटांना डोळ्यांआधी कळायची. मी एकदा म्हटलं, त्यांच्यानंतर तूही एकदा बघत जा. तो असा काही रागावला की मी कानाला खडा लावला. बाबांनी बघितलेला दोर परत बघायचा म्हणजे त्यांना तोंडावर सांगायचं की तुम्ही आता कामातून गेलात, असं त्याचं म्हणणं. हात विसरत नाहीत, म्हणाला.

त्या वेळी तो करवतीवर गेला होता. करवत म्हणजे एक लांबलचक धार, दोन्ही बाजूंना नुसती पोकळी आणि वर दातांसारखे सुळके. बहुतेक धार तो दोराशिवाय हातापायांनी चढायचा. दोर पाठीवरच्या पिशवीत. दोर लागायचा तो एकाच ठिकाणी. मधल्या मोठ्या सुळक्यानंतर धार एकदम तुटते आणि खाली एक खाच आहे, माणूस जेमतेम उभा राहील एवढी. त्या खाचेत दोरावरून उतरायचं. अर्धा दोर तिथे पुरतो न पुरतो. दोनदा तो हवेमुळे अलीकडूनच परत आला होता. या खेपेला जाताना म्हणाला, आता शेवटचं. हेही तो दर वेळी म्हणायचा.

शनिवारी दुकान अर्धा दिवस. मी घरी आले, तर बाबा दारातच उभे, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. हाताला धरून मला गॅलरीत नेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत छान ताणलेली दोरी, दोन्हीकडे त्यांच्या हातच्या सुबक गाठी, आणि माझ्या दोन्ही चादरी तिच्यावर वाळत घातलेल्या. काठसुद्धा सरळ केलेले. मला इतका आनंद झाला की मी खरंच टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, घे, आता बंद कर तुझी टकळी.

मग मी चादर जरा सरकवली. दोरी हिरवी होती, त्यात पिवळे ठिपके. तो दोर मी ओळखत होते. दोन दिवसांपूर्वी तो खिडकीपाशी बाबांच्या मांडीवर होता, आणि या क्षणी तो करवतीवर माझ्या नवऱ्याच्या पाठीवर होता.

मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, कधी कापलीत. तो जायच्या आदल्या दिवशी, म्हणाले. टोकापासून थोड्या अंतरावर दोराला लव सुटली होती, मग कापायला नको का? आणि टाकून कशाला द्यायची, तुला दोरी हवी होतीच. त्याला सांगितलंत का, विचारलं. सांगायचं काय त्यात, म्हणाले. नवीन खूण केली ना, म्हटल्यावर त्यांना राग आला.

"मला विचारतेस? खुणेशिवाय उठतो का मी?"

इतक्या ठामपणे म्हणाले की माझा जीव भांड्यात पडला. मी स्वतःलाच शिव्या दिल्या, म्हाताऱ्या माणसाचा उगाच अपमान केला म्हणून. म्हटलं चहा करू. दूध काढायला फ्रिज उघडला, मागचं भांडं सरकलं, तर त्याच्या आड शाईची बाटली. जुनी संपली म्हणून मीच गेल्या आठवड्यात आणलेली, नवी कोरी. झाकणावरचं सील तसंच होतं.

बाबा शाई आणायला उठले होते. उठून स्वयंपाकघरात आले होते, आणि इथे आल्यावर आपण कशाला आलो ते त्यांना आठवलं नसणार. नव्या बाटलीला नवी जागा शोधून ती ठेवली असेल आणि परत जाऊन दोर नीट गुंडाळून पिशवीत भरला असेल. मी फ्रिज बंद करायलाही विसरले.

नवऱ्याचा फोन लागत नव्हता. धारेवर लागतच नाही. बचाव पथकाला फोन केला. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. हेलिकॉप्टर ढगामुळे उडत नव्हतं, आणि उडालं असतं तरी दोराशिवाय धारेवर असलेल्या माणसाजवळ ते न्यायचं म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानेच त्याला खाली ढकलायचं. दोन माणसं खालून चालत पाठवतो, म्हणाला. ती संध्याकाळपर्यंत सुळक्याच्या पायथ्याशीही पोचणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मग मावशीला फोन केला. मावशी म्हणजे करवतीसमोरच्या डोंगरावर जे गिर्यारोहकांचं विश्रामघर आहे, ते चालवणारी बाई. सगळे तिला मावशीच म्हणतात. तिच्याकडे मोठी दुर्बीण आहे, आणि छपरावर एक दिवा. हवा फिरली की ती दिवा उघडझाप करते. धारेवरच्या माणसाने तो दिसला की काही न विचारता मागे फिरायचं, असा तिथला शिरस्ता. आजवर कोणी तिचा दिवा डावलला नव्हता, माझ्या नवऱ्याने तर नाहीच.

दोराची खूण मध्यावर नाही, एवढंच तिला सांगितलं. तिने दुर्बिणीतून पाहिलं. तो मोठ्या सुळक्याच्या निम्म्यावर होता, छान चढत होता. मावशी म्हणाली, दिवा लावते, मागे फिरेल. मी हो म्हणणारच होते.

आणि मग मला कळलं की मागे फिरायचं तरी कसं. त्या सुळक्यावरून चढून आलेल्या वाटेने कोणी हातापायांनी उतरत नाही. परतायचं तर बाजूच्या भिंतीवरून, दोराचे टप्पे करत, आणि त्यातला पहिलाच टप्पा अर्ध्या दोराइतका लांब. पुढे गेला तरी दोर, मागे फिरला तरी तोच दोर. इकडे आड, तिकडे विहीर. दिव्याला एकच शब्द येत होता, उतर. थांब म्हणायला त्याला येत नव्हतं.

मावशीलाही ते उमगलं. ती म्हणाली, दिवा उघडझाप न करता नुसताच लावून ठेवू का? बुचकळ्यात पडेल, थांबून बघेल. मी म्हटलं, तो बुचकळ्यात पडणारा माणूस नाही. दिवा दिसला की उतरायच्या तयारीला लागेल, आणि घाईत. घाई नसली तर कदाचित टोकांना गाठी मारेल. आखूड पदर हातातून निसटला की वजनाने सगळा दोर कडीतून सरकून माणसासकट खाली येतो; टोकाला गाठ असली की तो निसटत नाही. माणूस अडकून पडतो, पण पडत नाही. बाबांनी त्याला तसंच शिकवलं होतं. पण एकदा गाठ खडकाच्या भेगेत रुतली आणि त्याला परत वर चढून ती सोडवावी लागली, तेव्हापासून त्याने त्या सोडल्या होत्या. त्यावरूनही मी भांडले होते. माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"सांग लवकर," मावशी म्हणाली. "लावू की नको?"

"नको," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. त्याच्या हातांना गाठींची आठवण होईल, किंवा टोकं जुळवून बघायची बुद्धी होईल, या भरवशावर. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

फोन चालूच ठेवला. मावशी दिसेल ते सांगत होती. तो माथ्यावर पोचला. बसला. पाणी प्यायला. समोर बाबा स्वयंपाकघरात आले, माझ्या हातातला फोन बघून विचारलं, पोचला का सुळक्यावर? मी मान हलवली. मग झालं तर, म्हणाले, पुढे सगळी मजाच आहे. आणि फ्रिजचं दार उघडं राहिलंय म्हणून मला रागावून ते बंद केलं.

मावशी म्हणाली, दोर काढलाय. ओवतोय. मी विचारलं, टोकांना गाठी मारतोय का? एवढ्या लांबून तसलं दिसत नाही गं, म्हणाली. दोर खाली टाकला. वाकून बघितलं. पण त्या सुळक्याचा कडा बाहेर आलेला आहे. वरून टोकं दिसत नाहीत, हे मला त्याच्याच तोंडून ऐकून पाठ होतं. मावशी म्हणाली, उतरायला लागला. नीट उतरतोय. सावकाश. मग म्हणाली, ढग आला.

ढग गेला तेव्हा सुळक्यावर माणूस नव्हता, दोरही नव्हता. यातून काहीच कळत नव्हतं. खाली नीट पोचला असता तरी त्याने दोर ओढून घेतलाच असता. खाच मावशीच्या दुर्बिणीतून दिसत नाही. आता त्याने पलीकडच्या दातावर चढताना दिसायचं होतं. ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली, मी फोन कानाला लावून बसले. गॅलरीत चादरी वाळल्या. बाबांनी त्या काढल्या, घड्या घातल्या आणि माझ्या शेजारी आणून ठेवल्या. पलीकडच्या दातावर कोणी आलं नाही. उजेड संपला तेव्हा मावशी रडायला लागली, आणि मी फोन ठेवला.

तो खाचेच्या बऱ्याच खाली सापडला. खाचेत पडला असता तर कदाचित पाय मोडून वाचला असता, पण ती दोन्हीकडे उतरती आहे. दोर त्याच्याजवळच होता, कुठेही तुटलेला नाही. टोकांना गाठी नव्हत्या. दोर कमी पडला तो आमच्या गॅलरीएवढा. गॅलरी आमची केवढीशी, दोन खुर्च्या ठेवल्या की तिसरी मावत नाही.

सगळं उरकल्यावर बचाव पथकाचा प्रमुख तो दोर पिशवीत घालून घरी आला. नणंद आली होती, बाबा खिडकीपाशी होते. भला माणूस, घुटमळत बोलत होता. दोर मोजल्यावर खूण मध्यावर नाही असं दिसलं, म्हणाला, तर अलीकडे कोणी कापला होता का? मी फोनवर सगळं सांगितलं होतं ते दुसऱ्या माणसाला. याच्यापर्यंत फक्त दोरात काही गडबड आहे एवढंच आलेलं. मी काही बोलायच्या आत बाबांनी हात पुढे केला. दोर घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे स्वच्छ होते. टोकं जुळवली, दोन्ही पदर बोटांतून सरकवत मध्यापर्यंत आले. पट्टा तिथे नव्हता. तो बाजूला होता, हातभर नव्हे, चांगला लांब. त्यांनी परत टोकं जुळवली, परत तेच केलं. मग मान वर केली आणि हळूहळू गॅलरीकडे वळवायला लागले. त्यांच्या डोक्यात काय येऊ घातलंय ते मला समोर दिसत होतं, आणि ते अजून पुरतं आलेलं नव्हतं.

"मी कापला, बाबा," मी म्हटलं. "मला वाळत घालायला दोरी हवी होती."

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"आणि खूण?"

"राहिली."

"राहिली," ते म्हणाले.

नणंद उठून आतल्या खोलीत गेली. तिला शंका यायचं कारणच नव्हतं. माझी दोरीची रड तिने कमी का ऐकली होती? जाताना तिने बाबांना जवळ घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. अजूनही ती फोन बाबांच्याच फोनवर करते. प्रमुखाने मात्र जिना उतरताना वळून मला विचारलं, खरंच तुम्ही कापलात? मी म्हटलं, हो, आणि तुमच्या कागदांवरही तेच लिहा.

त्या दुपारी बाबा झोपल्यावर मी गॅलरीत गेले. त्या गाठी इतक्या देखण्या होत्या की घरातल्या दुसऱ्या कोणाच्या असूच शकल्या नसत्या. त्या सोडवायला फार वेळ लागला. दोरी हातातून फिरवली तेव्हा लव सुटलेली जागा सापडली. बाबा चुकले नव्हते. दोर कापायलाच हवा होता. मी माझ्या हाताने, मला येतील तशा ओबडधोबड गाठी मारून दोरी परत बांधली. काढून टाकता आली नसती. ती कुठे गेली असं त्यांनी विचारलं असतं, आणि विचारता विचारता आठवलं असतं.

वाटलं होतं, हेही विसरतील. बाबा सगळं विसरतात. मुलगा कुठे गेलाय असं विचारतात, आणि सांगितलं की पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडतात. मग सांगावं लागू नये म्हणून मी कामावर गेलाय म्हणते. माझं नाव विसरले आहेत. सूनबाई म्हणायचे, आता बाई म्हणतात. पण दोर कोणी कापला ते विसरत नाहीत. तेवढं एक कुठे अडकून राहिलंय कोण जाणे. सकाळी चहा पुढे केला की पेल्याआधी माझ्या हाताकडे बघतात.

रोज दुपारी मला खिडकीपाशी बसवतात. तो हिरवा दोर पुढ्यात टाकतात आणि म्हणतात, मध्य काढ. मी टोकं जुळवते, पदर सरकवते, मध्य काढते, शाईचा पट्टा देते. काल दिला होता त्याच्यावरच. ते बोटाने तपासतात, आणि मग ऊठ म्हणतात. तोवर मी उठत नाही.

काल मी चादरी वाळत घालत होते. बाबा मागून आले आणि दोरीच्या टोकाशी उभे राहिले. माझी गाठ त्यांनी चिमटीत धरली, वळवून पाहिली. माझ्या हातातली चादर खाली पडली. त्यांनी गाठ सोडली आणि मान हलवली.

"हिला साधी गाठसुद्धा येत नाही," ते म्हणाले. "आणि ही दोराला हात लावते."

"नाही येत, बाबा," मी म्हटलं, आणि चादर परत धुवायला आत नेली.